घरात सोमल नाही

१२ मे १९२७

मुनसफ कोर्टाच्या मराठी दप्तरात तीस वर्षं लोकांच्या जबान्या लिहिल्या. आता पेन्शनीत स्वतःची लिहून पाहावी म्हणून ही वही. इथे उलटतपासणी घ्यायला वकील नाही, तेव्हा निम्मं काम सोपं.

आजचा मजकूर असा की, नारळी-पोफळीच्या आगरातल्या विहिरीच्या रहाटाला वाळवी लागली. दोन्ही खांब बुडातून पोकळ. रहाट हाकणारा आमचा धाकू म्हणाला, "नाना, खांब मोडला तर मी बैलासकट खाली जायन." त्याला म्हटलं, तू जाशील त्याचं काही नाही, पण विहीर बाटेल त्याचं काय? ही विहीर अक्काच्या सोवळ्याची. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण यमुनाबाई. चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, ती आजतागायत या घराची न्यायाधीश. त्याच साली आई गेली. मी पाच वर्षांचा होतो, मला हिनेच वाढवलं. त्यामुळे तिच्या निकालावर अपील चालत नाही.

वाळवीवर मुंबईच्या एका बियाणेवाल्याकडून व्ही.पी.ने औषध मागवलं होतं, तो डबा आज आला. झाकणावर कवटीचं चित्र. वाळवीचं चित्र काढणारा मिळाला नसावा.

१५ मे

डब्यावरचं नाव लावायला अर्धा तास गेला. आर्सेनिक. एखाद्या गोऱ्या कलेक्टराला शोभेल. इंग्रजी मला अक्षरओळखीपुरतंच येतं, ही गोष्ट मी तीस वर्षं कोर्टात कुणाला कळू दिली नाही. नावाखाली बारीक टायपात दोन परिच्छेद आहेत, ते सवडीने वाचीन. सोबत मराठी चिठ्ठी होती, बादलीभर पाण्यात चमचाभर पूड. चमचाभराने आमचं आचमनसुद्धा होत नाही. मी अर्धा डबा कालवून रहाटाच्या बुडाशी आणि शेजारच्या वारुळात ओतला.

उरलेल्या अर्ध्यावर अक्काचा मनाईहुकूम. "तो विलायती डबा माझ्या घरात नको, चिंतू. कवटी बघ त्यावर! शिव शिव." माळ्यावर नको, गोठ्यात नको, पडवीत तर नकोच. शेवटी विहिरीपासून चार हातांवर जांभ्यात एक खड्डा होता, त्यात सगळी पूड पालथी केली आणि वर माती लोटली. जमिनीत गेलं ते शुद्ध झालं, हे अक्काचंच शास्त्र. शिवाय जांभा दगड सगळा भोकाभोकांचा, काही घातलं की पिऊन मोकळा.

धाकू विचारत होता, "नाना, ह्यो पान्यात तर न्हाय ना जायाचा?" म्हटलं, तू रहाट हाक, रसायनशास्त्र मी बघतो.

११ जुलै

वाळवी नामशेष. गावातले चारसहा जण येऊन खांब बघून गेले. मी डब्याचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर उद्या सगळे मागवतील आणि माझं कौतुक बंद.

विहीर काठोकाठ भरली आहे. कालच्या एकादशीपासून अक्काचा चातुर्मासाचा नेम सुरू झाला. पहाटे ओलेत्याने स्वतः घागर ओढायची, त्याच पाण्याने देव, त्याच पाण्याचं तीर्थ, आणि दिवसभर तेच प्यायचं. तिची पूजा आटोपेपर्यंत घरातल्या पाण्याला आणखी कुणी शिवायचं नाही. पूजा आटोपते बारा वाजता. मी तोवर पडवीत शहाळी फोडून घेतो, पुरुषाला सोवळ्यात अशा पळवाटा असतात. आमची मंडळी, म्हणजे सौ. उमा, तिला पळवाट नाही. पण ती काही बोलत नाही. तीस वर्षांत तिने तक्रार केलेली मला आठवत नाही, याचा अर्थ तक्रार नसावी.

९ ऑगस्ट

अक्काला पंधरा दिवस अन्न ठरत नाही. उलट्या, पोटात कळा. वैद्यांनी पित्त म्हटलं. मला तळपायाला मुंग्या येतात; त्यालाही पित्तच म्हणाले. वैद्यांचं बरं असतं, एका शब्दावर सबंध गाव चालतं.

अक्काच्या मते मात्र हे पित्त नव्हे, विटाळ. कुठेतरी सोवळं मोडलंय. म्हणून तिने अन्न कमी करून तीर्थ वाढवलं आहे. पूर्वी एक पंचपात्र घ्यायची, आता तांब्याभर.

१६ ऑगस्ट

गुन्हेगार सापडला. विहिरीच्या काठच्या शेवाळावर अक्काला पाऊल उमटलेलं दिसलं. पाऊल लहान, बाईचं. आगरात गवत काढायला, बेणणीला येणारी बाई एकच, पऱ्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या महारवाडीतली जनी. तिला विहिरीच्या काठाला शिवायची बंदी आहे. तहान लागली तर सौ. वरून पाणी ओतते, ती ओंजळीने पिते, अशी वहिवाट.

पडवीसमोर रीतसर चौकशी केली. मी पायरीवर, ती अंगणापलीकडे.

"मी शिवल्ये न्हाय, नाना. माज्या पोरांची शपत."

"मग पाऊल कुणाचं?"

"ता मना काय ठावं? आमचा झरा हाय पऱ्यापल्याड, बारा म्हयने वाहता. मना तुमच्या बावीचा पानी कशाला होवा?"

असा उर्मट सवाल आरोपीने कोर्टाला केल्याचं मला तरी स्मरत नाही. निकाल दिला: उद्यापासून कामाला येऊ नये. गावाने त्यात आपली भर घातली आणि आमच्या आगरातून बाजाराकडे जाणारी त्यांच्या वाडीची वाटच काट्या टाकून बंद केली. आता त्यांनी डोंगराला वळसा घालून जायचं. भटजींनी विहिरीत पंचगव्य सोडलं, मंत्र म्हटले, सगळ्यांनी एकेक पळी शुद्ध झालेलं पाणी घेतलं. अक्काने तीन घेतल्या.

सौ.ला म्हटलं, तुझं पाऊलही लहानच आहे. तर ती म्हणाली, "मग माझीही चौकशी करायची होतीत." बायकांना थट्टा कळत नाही.

३१ ऑगस्ट

गणपती बसले. अक्काच्या हातचे मोदक यंदा नाहीत. तिला उकड मळवेना, बोटांना कळतच नाही म्हणते. तळहात खरखरीत झालेत, त्यांवर बारीक बारीक घट्टे आलेत. मानेवर, पोटावर काळे ठिपके. माझ्याही तळहातावर घट्टे आहेत, पण ते लेखणीचे असावेत. दोन्ही हातांवर आहेत हे खरं, आणि मी डाव्या हाताने लिहीत नाही हेही खरं.

शुद्धीनंतर पंधरा दिवस होऊन गेले आणि गुण काही नाही. भटजी म्हणाले, दोष मोठा होता. वैद्य म्हणाले, पित्त जुनं होतं. दोघांचाही अनुभव दांडगा.

८ सप्टेंबर

सौ.च्या हट्टाने तिचा भाचा गोपाळकृष्ण याला रत्नागिरीहून बोलावलं. डॉक्टर आहे. माझ्याशी बोलताना इंग्रजी शब्द फेकायचा नाही, असा दंडक मी त्याला पूर्वीच घालून ठेवलाय. पोरगं तो अजून पाळतं, एवढी एक गोष्ट त्याच्याजवळ चांगली आहे.

अक्काने त्याला हात लावू दिला नाही. त्याने लांबूनच तिची नखं पाहिली, तळवे पाहिले. मग माझे पाहिले. मग सौ.चे. नंतर मला पडवीत नेऊन हळूच विचारलं, "नाना, घरात सोमल आहे?"

सोमल! किती खटल्यांत मी हा शब्द स्वतःच्या हाताने लिहिला आहे. लाडवात सोमल, दुधात सोमल, सवतीच्या आमटीत सोमल. अब्रूदार घरात विचारायचा हा प्रश्न आहे?

"नाही," मी म्हटलं. "घरात सोमल नाही, आगरात नाही, या घराण्यात कधी नव्हता. लिहून देऊ?"

"वैद्यांच्या भस्मात?"

"ते त्यांना विचार."

"मावशी त्या मानाने बरी आहे. तुम्हाला थोडं आहे, अक्कांना फार आहे. खाण्यापिण्यातून काहीतरी जातंय, नाना." त्याने भस्माची पुडी, तांदूळ, गूळ, विहिरीचं पाणी असं सगळं बाटल्यांत भरून मुंबईला तपासायला पाठवलं. पाण्याची बाटली बघून मला हसू आलं. शुद्धी झालेल्या विहिरीची तपासणी!

१० सप्टेंबर

दोन दिवस जेवण जात नाही. घरात तीन माणसं. दोघांना बाधा, एकाला नाही. कोर्टात असा कागद आला असता तर शिपायानेसुद्धा सांगितलं असतं, आरोपी कोण.

उमाला तीस वर्षं अक्काने धारेवर धरलंय, हे मला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण ऐकू येऊ दिलं नाही. हेतू झाला. स्वयंपाक तिच्याकडे, म्हणजे संधी झाली. दुपारी विचारलं.

"तू सकाळी फुलांच्या निमित्ताने कुठे जातेस?"

"तुम्हाला काय वाटतंय ते आधी बोला."

मला बोलवेना. तिला ते कळलं असावं. तिचा चेहरा असा झाला की तो मी पुन्हा बघू इच्छीत नाही.

"जनीच्या झऱ्यावर जात्ये," ती म्हणाली. "आषाढापासून. तुमच्या घरात बारा वाजेपर्यंत माझ्या घशाला कोरड. ती वरून ओतत्ये, मी ओंजळ धरून पित्ये. दुपारचंही तिथूनच लोटाभर आणत्ये. आता सांगा गावाला."

मी या घरात विष शोधत होतो, आणि निघालं हे. खरं सांगायचं तर विष निघालं असतं तर कमी लाज वाटली असती, असं त्या क्षणी मनात आलं. हे लिहून ठेवतो, कारण माणसाच्या अकलेची हद्द कुठवर जाते त्याची नोंद असावी.

अक्काला सांगितलेलं नाही.

२४ सप्टेंबर

गोपाळकृष्ण तपासणीचा कागद घेऊन आला. इंग्रजी. माझ्या हातात दिला आणि मी नेहमीसारखी मान डोलावली.

"तांदूळ ठीक. भस्म ठीक. पाण्यात आहे, नाना. भरपूर आहे."

"काय आहे?"

"मी म्हटलं होतं तेच. सोमल."

"कागदावर कोणता शब्द आहे?"

"कागदावर इंग्रजी आहे."

"वाच."

"आर्सेनिक."

मी म्हटलं, आर्सेनिक म्हणजे वाळवीचं औषध.

तो म्हणाला, "आर्सेनिक म्हणजे सोमल."

त्यानंतर त्याने बरंच काही विचारलं. मी त्याला आगरात नेऊन खड्डा दाखवला. वरची माती पावसाने कधीच वाहून गेली होती, खाली नुसता भोकाभोकांचा जांभा. तो मला एक शब्दही टाकून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

अक्काला आम्ही विहिरीत दोष आहे एवढंच सांगितलं. कुणाचा ते सांगितलं नाही.

२५ सप्टेंबर

विहीर बंद केली. गावात दुसरी विहीर देवळाजवळची, ती सप्टेंबरातही गढूळ. जवळ स्वच्छ म्हणजे एकच. घागर घेऊन मी स्वतः गेलो. अठ्ठावन्न वर्षांत पऱ्या ओलांडण्याची ही पहिली वेळ. पाच मिनिटांचं अंतर आहे.

जनी झऱ्यावर होती. मला बघून मागे सरकली. मी घागर पुढे केली तर म्हणाली, "तुमीच भरून घ्या, नाना. माजा हात लागला आनि अक्काबायना कमीजास्त झाला, तर पुन्यांदा माज्यावरच येल."

मी भरून घेतली. तिला सांगायला तोंड उघडलं होतं. पाणी छान आहे, एवढंच बोललो.

घरी अक्काने विचारलं, "कुठलं पाणी?" मी देवळाचं म्हणणार होतो. उमाने मध्येच सांगून टाकलं, "जनीच्या झऱ्याचं. मी आषाढापासून तेच पित्ये, वन्सं."

आता भूकंप होणार म्हणून मी खांबाला धरून उभा राहिलो. अक्का उमाच्या हातांकडे बघत होती. साफ हात, एक ठिपका नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर प्यायला असतात?"

अक्काने हात पुढे केला. भांडं घेतलं आणि प्यायली.

२९ सप्टेंबर

पाणी बदललं, पण गोपाळकृष्ण म्हणतो उशीर झाला. अक्काचे पाय गेलेत, छाती भरते. आज तिला सगळं सांगितलं. तो डबा, अर्धा वारुळात, अर्धा खड्ड्यात.

"कुठला डबा?"

"कवटीचा. तू घरात येऊ दिला नाहीस तो."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, ऐकलं नाही. मग म्हणाली, "येऊ दिला असता तर विहिरीशी गेला नसता, होय रे?"

मी तिला ओरडून म्हटलं, नाही अक्का, तुझा काय संबंध, मूर्ख मी आहे. मी या बाईवर आयुष्यात पहिल्यांदा ओरडलो, आणि तेही तिचा दोष नाही हे पटवायला.

"जनीला सांगितलंस?"

"नाही अजून."

"सांग हो, चिंतू."

३ ऑक्टोबर

अक्का आज सकाळी गेली. उमाने तोंडात पाणी घातलं. मी पोरका झालो, या वयात हे म्हणणं हास्यास्पद आहे, पण दुसरा शब्द मला येत नाही. मराठीतसुद्धा.

१७ ऑक्टोबर

तेरावं झालं, चौदावं झालं, माझं सांगणं झालं नाही. रोज एक कारण सापडत होतं. सुतक, पाहुणे, ऊन. तीस वर्षं तारखा पडताना पाहिल्या, पण स्वतःची तहकुबी इतकी गोड असते हे ठाऊक नव्हतं.

काल भटजी आणि देवळाचे मानकरी भागोजी खोत आले. गावात बोलणं झालंय म्हणाले, की जनीनेच विहिरीत काहीतरी टाकलं आणि अक्कांचा जीव घेतला. उद्या देवळात बैठक. तिचं घर वाडीतून उठवायचं. कागद तयार होता, तक्रारदार म्हणून माझी सही हवी होती. अक्षर वाईट होतं, पण बाकी मसुदा सुरेख. घटना, साक्षीदार, पाऊल, सगळं होतं. माझ्याच हाताखाली शिकला असता तर लेखनिकाला मी शाबासकी दिली असती.

मी म्हटलं, "विहिरीत विष मी घातलं."

भागोजी हसले. भटजी म्हणाले, "दुःखाने माणूस असं बोलतो." आणि कागद टेकवून गेले. उद्या सकाळी नेतो म्हणाले.

रीतसर सांगूनही कोर्टाने कबुली नाकारली, असं कधी पाहिलं नव्हतं. सबब आज सकाळी धाकूकडून फळी घासून घेतली, चुना कालवला आणि दप्तरातल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं:

"या विहिरीचे पाणी कोणी पिऊ नये. यात सोमल आहे. त्यालाच इंग्रजीत आर्सेनिक म्हणतात. तो वाळवीसाठी गेल्या वैशाखात मी, चिंतामणी, याने स्वतः घातला. जनी हिचा यात काही संबंध नाही. पाऊल तिचे नव्हते."

शेवटच्या वाक्याशी उमा येऊन उभी राहिली. "पाऊल माझं होतं," म्हणाली. "त्या दिवशी पूजेआधी घागर भरायला गेले होते. मग सांगायचा धीर झाला नाही." मी लिहायला लागलो तर म्हणाली, "ते मी सांगेन जनीला. ते तुमच्या फळीवर नको."

फळी आगराच्या दगडी गडग्यावर, वाटेच्या तोंडाशी लावली. काट्या धाकूने आणि मी काढल्या. चौदाव्याला येऊन राहिलेल्या अक्काच्या एका भाच्याने वाचली, आमच्या घरात गेला आणि दार लावून घेतलं. भटजींनी वाचली. भागोजींनी वाचली, मग कालचा कागद मागून घेतला आणि घडी करून कनवटीला लावला.

अकराच्या सुमाराला जनी पऱ्याकडून आली. काट्या नाहीत हे बघून थांबली. वाटेवर पाय टाकला नाही.

"काय लिवलंव, नाना?"

तिला वाचता येत नाही, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. सगळ्या गावाने वाचावं म्हणून लिहिलं, आणि जिच्यासाठी लिहिलं तिला नुसता चुना दिसत होता. मी वाचून दाखवलं. आवाज कोर्टातल्यासारखा लागेना.

ती म्हणाली, "थांबा, वाडीतल्या मानसांना आनत्ये. त्यांच्याम्होरं वाचा."

मी उन्हात उभा राहिलो. सातआठ जण आले, दोन म्हातारे, बाकी बायका. वाटेच्या पलीकडच्या कडेला रांगेने उभे राहिले. मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आणि तीस वर्षांची सवय, शेवटी तोंडातून निघालंच, "वाचून दाखविलं, बरोबर आहे?"

जनी फळीकडे बघत होती.

"अक्काबाय गेल्या ता न्हाय घातलांव?"

मी फळीकडे पाहिलं. खरंच नव्हतं. कोणत्या महिन्यात, कोणी, कशासाठी, सगळं मुद्देसूद होतं, आणि त्यापायी माणूस गेलं हे राहिलं होतं.

"घाला," जनी म्हणाली. "चांगल्या व्हत्या न्हाय, पर मानूस व्हत्या."

चुना घट्ट झाला होता. झऱ्याच्या पाण्याने सैल केला आणि सगळ्यांच्या समोर खाली लिहिलं: "या पाण्याने माझी बहीण यमुनाबाई मरण पावली." जागा कमी होती, शेवटची अक्षरं बारीक काढावी लागली. मग तीही ओळ त्यांना वाचून दाखवली.